कर्नाळ्यावर कडे असते तर...

पनवेलच्या एखाद्या उंचशा गच्चीवरून दक्षिणेला तोंड केले, की कर्नाळ्याचा अंगठा दिसतो. आता मधे इमारती आल्या, धूर आला; तरी पाऊस उघडल्यावरच्या स्वच्छ सकाळी तो अजून ओळखू येतो. किल्ला म्हणून कर्नाळा काही फार मोठा नव्हे. पायथ्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. गोव्याच्या रस्त्याने जाताना पक्षी अभयारण्याची पाटीही सगळ्यांनी पाहिलेली असते. पण या सुळक्याची एक गंमत नकाशा उघडल्याखेरीज ध्यानात येत नाही. तो पनवेलच्या जवळजवळ बरोबर दक्षिणेला आहे. दोघांचे रेखांश जवळपास एकच. त्यामुळे हिवाळ्यातला भर दुपारचा सूर्य, व्याध, ज्येष्ठा, अगस्ती, जे म्हणून दक्षिण आकाशातून जाते ते आपल्या वाटेवरच्या सर्वांत उंच जागी पोचते, तेव्हा पनवेलकरांना ते या अंगठ्याच्या डोक्यावर दिसते.

आता या अंगठ्याच्या वर, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, एक भलीमोठी कमान उभी करा. इंद्रधनुष्याच्या आकाराची, पण सात रंगांची नव्हे. दिवसा दिसणाऱ्या चंद्रासारखी फिकट पांढुरकी. ती पाऊस पडून गेल्यावर विरत नाही. काल होती, आज आहे, आजोबांच्या आजोबांनीही ती पाहिली होती. शनीला जशी कडी आहेत, तशी आपल्या पृथ्वीला असती तर पनवेलच्या आकाशात हे दिसले असते. (मराठीत ‘कडे’ या एका शब्दात सह्याद्रीचे सरळसोट कडेही येतात आणि हातातले कडेही. कर्नाळ्यापाशी हा गोंधळ व्हायचाच. या लेखात जिथे कडे येईल, तिथे ते आकाशातले समजावे.)

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो एका मुलीने. २०१५ च्या मे महिन्यात कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात, एका घराच्या खळ्यात आम्ही दुर्बीण लावली होती. शनी तेव्हा छान दिसत होता, कडी चांगली उघडलेली होती. रांगेतून पुढे आलेली सातवीतली मुलगी डोळा लावून बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, आपल्या पृथ्वीला का नाय कडी?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर ओट्यावर बसलेल्या त्या घरच्या आजींनी विचारले, “असती, तर त्याची सावली कुठं पडंल?”

मुलीचा प्रश्न सुंदर होता. पण आजींचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता, असे मला आता वाटते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे कागदपेन्सिल घेऊन मी काढत बसलो. त्यातले जे हाती लागले, ते असे.

आधी मुलीचा प्रश्न. कडी असणे ही काही शनीची मिरासदारी नाही. १६१० मध्ये गॅलिलिओने शनी दुर्बिणीतून पाहिला, तेव्हा त्याला तो तीन गोळ्यांचा भासला. ते कडे आहे, हे हॉयगेन्सने १६५९ मध्ये जाहीर केले. पुढे तीनशेहून अधिक वर्षे ‘कडीवाला ग्रह’ म्हणजे शनी एवढाच अर्थ होता. १० मार्च १९७७ रोजी तो संपला. त्या दिवशी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रहाने झाकण्याआधी आणि नंतरही तो तारा काही क्षण लुकलुकला. त्याअर्थी ग्रहाभोवती न दिसणारी कडी होती. हा शोध अमेरिकन शास्त्रज्ञांनी विमानातल्या दुर्बिणीतून लावला. त्याच रात्री तामिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेतूनही ही घटना पाहिली जात होती, आणि भट्टाचार्य व वेणू बाप्पू यांचा युरेनसच्या कड्यांवरचा निबंध त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आला. योगायोग असा, की वरळीचे नेहरू तारांगण सुरू झाले तेही त्याच मार्च महिन्यात. तारांगणाच्या पहिल्या पाहुण्यांनी कडीवाला ग्रह म्हणून फक्त शनी पाहिला असेल, आणि आठवड्याभरात ती माहिती जुनी झाली!

त्यानंतर १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाने गुरूची कडी दाखवली, १९८९ मध्ये नेपच्यूनची. २०१३ मध्ये तर कमालच झाली. खारिक्लो नावाच्या अडीचशे किलोमीटरच्या एका लघुग्रहालाही कडी निघाली. पाठोपाठ हौमेया आणि क्वावार या दूरच्या बटुग्रहांची नावे यादीत चढली. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की एवढ्या सगळ्यांना जमले ते पृथ्वीलाच का जमू नये?

जमू शकते. त्याचे गणित एदुआर रोश या फ्रेंच माणसाने १८४८ मध्येच मांडून ठेवले आहे. एखादा मोठा दगड पृथ्वीच्या जवळ येऊ लागला, की त्याच्या अलीकडच्या बाजूला पृथ्वीची ओढ जास्त बसते, पलीकडच्या बाजूला कमी. दूर असताना हा फरक नगण्य असतो. जवळ येता येता तो इतका वाढतो, की दगडाची स्वतःला एकत्र धरून ठेवण्याची ताकद अपुरी पडते. तूप कमी पडलेला रव्याचा लाडू हातात घेताच भुगा होतो, तसे त्याचे होते. चंद्राच्या घनतेच्या सैलसर गोळ्यासाठी ही मर्यादा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे १८ हजार किलोमीटरवर येते. आपला चंद्र तीन लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि दर वर्षी तीन-चार सेंटिमीटर लांबच चालला आहे, त्यामुळे त्याची काळजी नको. पण एखादा भटका लघुग्रह या रेषेच्या आत शिरला, तर त्याचा चुरा होतो, आणि तो चुरा एकमेकांवर आदळत, घासत शेवटी विषुववृत्ताच्या वर एका पातळ चकतीत स्थिरावतो. पातळ म्हणजे किती? शनीची मुख्य कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरली आहेत, पण त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. एखाद्या चारमजली इमारतीएवढी.

फरक एवढाच, की शनीची कडी बर्फाची, म्हणून लखलखीत. पृथ्वीपाशी सूर्य जवळ. इथे उघड्यावरचा बर्फ टिकणार नाही. आपले कडे दगडाधोंड्यांचे, चंद्राच्या मातीसारखे राखाडी झाले असते. अर्थात चंद्रही मुळात मळकट राखाडीच आहे, आणि तरी कोजागिरीला तो आपल्याला दुधासारखा दिसतो.

आता चित्र काढू. शनीची कडी शनीच्या आकाराच्या मानाने जेवढी आहेत, त्याच प्रमाणात ती पृथ्वीला बसवू. आतली कडा जमिनीपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर येईल, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराहून थोडी जास्त. बाहेरची कडा आठ हजार किलोमीटरवर. विषुववृत्तावर राहणाऱ्याला हे सगळे कडेवरून दिसणार. म्हणजे डोक्यावरून गेलेला एक पांढरा धागा, बस्स. जसजसे उत्तरेला यावे, तसतसा धागा दक्षिणेला कलत जातो आणि रुंद होत जातो. कर्नाळा १९ अंशांवर आहे. इथून पाहिले तर दक्षिणेला कमानीची खालची कड क्षितिजापासून २३ अंशांवर आणि वरची कड ५७ अंशांवर दिसेल. अंशांचा धसका घ्यायला नको. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. कर्नाळ्याच्या अंगठ्यापासून दोन मुठींहून थोडे वर कडे सुरू होईल आणि सहाव्या मुठीच्या आत संपेल. मधला पट्टा साडेतीन मुठींचा. एकावर एक रचले तर साठ-सत्तर पूर्णचंद्र त्यात मावतील!

पनवेलकरांसाठी कमानीचे पाय कुठे टेकतात, तेही काढले. पूर्वेला तो पाय प्रबळगड आणि इर्शाळगड यांच्या मधून वर येईल, पश्चिमेला तो उरणच्या बाजूला खाडीत उतरेल. आणि हे सगळे जागच्या जागी स्थिर दिसत असले, तरी त्यातला प्रत्येक दगड धावत असेल. आतल्या कडेचे दगड दोन तासांत पृथ्वीभोवती फेरी मारतील, बाहेरचे पावणेपाच तासांत.

रात्री तर आणखी मजा. सूर्य मावळला तरी कडे उंचावर, त्यामुळे त्याच्यावर ऊन असणारच. अंधार पडता पडता अख्खी कमान उजळलेली दिसेल. मग पूर्वेकडून तिच्यावर एक काळा डाग चढू लागेल. तो डाग म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली, कडांना किंचित तांबूस, चंद्रग्रहणात असते तशी. मध्यरात्री ती सावली बरोबर कर्नाळ्याच्या वर येईल. तेव्हा कमानीचा मधला भाग गडप होऊन दोन्ही बाजूंना दोन उजळ पाय तेवढे उरतील. पहाटेपर्यंत डाग पश्चिमेला कलेल आणि सूर्योदयाला पुन्हा पूर्ण कमान. म्हणजे आभाळातच घड्याळ! शेताच्या राखणीला गेलेल्या माणसाने सावली कुठवर आली ते पाहून किती रात्र उरली ते सांगितले असते. घटिकापात्राची गरज दिवसापुरतीच राहिली असती.

प्रवाशांचीही सोय झाली असती. कन्याकुमारीला कमानीची वरची कड ७६ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. कर्नाळ्याला ५७. पानिपतला ४१. श्रीनगरला ३५, आणि तिथे खालची कड तर डोंगरांच्या मागेच राहील. १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेलेल्या मराठी स्वारांना आपण घरापासून किती दूर आलो, हे विचारायला कोस मोजावे लागले नसते. कडे रोज थोडे थोडे खाली बसताना त्यांना दिसले असते. पृथ्वी गोल आहे की सपाट, हा वाद तर कोणत्याच गावात फार दिवस चालला नसता. लंडनमध्ये ही कमान क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येते आणि उत्तर नॉर्वेत दिसतच नाही. तिथला पहिला दर्यावर्दी दक्षिणेला उतरताना समुद्रातून कडे उगवताना पाहून काय समजला असता, कोण जाणे!

इथवर सगळे गोड आहे. पण वर्षभराचा हिशेब मांडायला घेतला, की आजींचा प्रश्न पुढे येतो.

कडे विषुववृत्ताच्या पातळीत आहे आणि सूर्य सहा महिने त्या पातळीच्या उत्तरेला, सहा महिने दक्षिणेला असतो. आपण उत्तरेकडचे. कड्याची उत्तरेकडची बाजू आपल्याला दिसते. तिच्यावर ऊन पडते ते २१ मार्चच्या सुमारास सूर्य उत्तरेला आला की. म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपास कडे उजळू लागणार, चैत्र-वैशाखात त्याची झळाळी वाढत जाणार, आणि ज्येष्ठात ऐन भरात आले की... पाऊस. कोकणातला पाऊस! जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ असते ते फक्त ढगांचे. पाऊस ओसरून नवरात्राच्या सुमारास आकाश मोकळे होते, तोवर २३ सप्टेंबरला सूर्य पलीकडे गेलेला असतो आणि कड्याची आपल्याकडची बाजू अंधारात बुडते. कोकणी माणसाच्या वाट्याला एवढ्या मोठ्या देखाव्यातले जेमतेम दोन-अडीच महिने.

बाकीचे सहा महिने काय? दक्षिणेला एक मळकट, अंधुक पट्टा, आणि त्याच्यामागे झाकले गेलेले तारे. अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, दोन्ही आषाढा ही नक्षत्रे जवळजवळ पूर्ण झाकली जातील. व्याध झाकला जाईल. अगस्ती मात्र कमानीच्या खालच्या खिडकीतून दिसत राहील. त्याचे मला उगीच बरे वाटले.

आणि मग सूर्यच झाकला जाईल.

हे मी दोनदा मोजून पाहिले. ऑक्टोबरच्या मध्यापासून कर्नाळ्याला सकाळ-संध्याकाळचा सूर्य कड्याच्या मागे जाऊ लागतो. ऑक्टोबर संपता संपता दुपारचाही जातो. तिथपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, साडेतीन महिने, सूर्य उगवतो कड्याच्या मागे आणि मावळतोही कड्याच्या मागेच. शनीच्या कड्यांत ‘ब’ नावाचे मधले कडे सर्वांत दाट आहे; त्यातून फार थोडा प्रकाश आरपार जातो. २२ डिसेंबरला भर दुपारी कर्नाळ्यावरचा सूर्य नेमका या दाट कड्याच्या मागे असतो. शनीच्या कड्यांमध्ये कॅसिनीने १६७५ मध्ये पाहिलेली एक फट आहे. ती आपल्याकडेही ठेवली, तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार-पाच दिवस आणि जानेवारीच्या अखेरीला पुन्हा चार-पाच दिवस दुपारी लख्ख ऊन पडेल. तेवढेच. लोकांनी त्या दिवसांचे सण केले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

नीट पाहा, ही सावली कशी आहे ती. चैत्र-वैशाखाच्या काहिलीत तिचा काडीचा उपयोग नाही, कारण तेव्हा ती दक्षिण गोलार्धात पडलेली असते. ती येते ती थंडीत. उन्हाळ्यात सावली देणारी झाडे आपण लावतो; हे झाड थंडीत सावली देणार!

कोकणातल्या घराला हिवाळ्याचे ऊन म्हणजे काय, हे शहरात राहून कळत नाही. भात कापून झाल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पनवेल-अलिबागच्या वालाच्या शेंगांची पोपटी जानेवारी-फेब्रुवारीत लागते. ती शेंग भरते ती या उन्हावर. अलिबागचा पांढरा कांदा याच दिवसांतला. आंब्याचा मोहोर याच दिवसांतला. त्याला रात्रीचा गारवा हवा, पण दिवसाचे स्वच्छ ऊनही हवे. उरण-पेणच्या बाजूची मिठागरे पाऊस संपल्यावर बांधायला घेतात, आणि मीठ धरते ते उन्हावर. सुकी मासळी उन्हावर. भात झोडून खळ्यात वाळत घालायचे तेही उन्हावर. ज्या आजींनी प्रश्न विचारला, त्यांच्या खळ्यात दर हिवाळ्यात काय काय पसरलेले असेल, ते आठवले म्हणजे त्यांना सावलीच आधी का सुचली, ते उमगते. आकाशात काही नवे आले की आपण वर पाहतो. त्यांनी खाली पाहिले.

आजींच्या या प्रश्नावर शास्त्रज्ञांचेही काम झालेले आहे, हे मला नंतर समजले. नासातले जॉन ओकीफ यांनी १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये अशी कल्पना मांडली, की साडेतीन कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीला काही काळ कडे असावे आणि त्याच्या सावलीने हिवाळे कडाक्याचे झाले असावेत. २००२ मध्ये फॉसेट आणि बॉसलो या दोघा अमेरिकनांनी कड्याच्या सावलीचा हवामानावरचा परिणाम संगणकावर तपासला. परंतु खरी खळबळ उडाली ती २०२४ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातले अँड्र्यू टॉमकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटले, की पृथ्वीला सुमारे ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी खरोखरच कडे होते.

त्यांचा पुरावा मोठा मासलेवाईक आहे. त्या काळात उल्का आदळून झालेली २१ विवरे आज जगभर विखुरलेली सापडतात. त्या वेळी खंड वेगळ्या जागी होते. ते मागे नेऊन ठेवले, तर ही सगळीच्या सगळी विवरे विषुववृत्तापासून ३० अंशांच्या आत येतात. जमीन मात्र तेव्हा बरीचशी त्या पट्ट्याच्या बाहेर होती. इकडून तिकडून येणारे दगड असे निवडून एका पट्ट्यात कसे पडतील? चकतीतून एकेक करून निसटून पडले असतील, तर पडतील. स्वीडनमधल्या त्याच काळच्या चुनखडीत एकाच जातीच्या अशनींचे शंभराहून अधिक तुकडे सापडले आहेत. तेव्हा एक मोठा लघुग्रह फुटला होता, हे आधीपासून माहीत होतेच. त्याचा एक गोळा रोशच्या रेषेच्या आत आला आणि त्याचे कडे झाले, असा हा तर्क आहे. पुढे काही कोटी वर्षांतच पृथ्वीवर गेल्या पन्नास कोटी वर्षांतल्या सर्वांत कडक थंडीचा एक काळ आला, आणि समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. ती थंडी कड्याच्या सावलीने आली का, हे टॉमकिन्स यांनीही प्रश्नचिन्हासकटच मांडले आहे. सगळे शास्त्रज्ञ हे मानतात असे नव्हे, आणि कड्याचा दगड कुणी हातात धरून दाखवलेला नाही. तरीही मला हा तर्क पटण्यासारखा वाटतो, तो त्या २१ विवरांमुळे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यामुळे कर्नाळ्याच्या अंगठ्याने हे कडे पाहिलेले नाही. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी तो खेळ आटोपला होता.

कर्नाळ्याचे अभयारण्य पक्ष्यांचे, तेव्हा त्यांची विचारपूस केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. थंडीत उत्तरेकडून कितीतरी पक्षी इथे उतरतात, त्यांतले बरेचसे रात्री उडतात. ताऱ्यांचा त्यांना उपयोग होतो, हे अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात चक्क तारांगणात पक्षी ठेवून दाखवले. ध्रुवाभोवतीचे आकाश ज्या बिंदूभोवती फिरते, तो बिंदू पिल्ले शिकून ठेवतात. कडे दक्षिणेला असल्याने ध्रुव झाकला जाणार नाही, हे खरे. उलट एवढी मोठी कमान म्हणजे त्यांना आयतीच खूण होईल. बिचारे काजवे मात्र बुडतील. मेअखेरीला सह्याद्रीत काजव्यांनी झाडेच्या झाडे लुकलुकतात ती काळोखाच्या भरवशावर. कड्याच्या उजेडात त्यांनी एकमेकांना काय खुणा करायच्या? वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतून वर येणारी कासवाची पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने धावतात. त्यांनाही दक्षिणेचा हा नवा उजेड चकवील. (खरे तर कड्याला कशाला नावे ठेवायची? पनवेलच्या आसपासचा काळोख आपण विजेच्या दिव्यांनी केव्हाच संपवला आहे. दुर्बीण लावायला दर वर्षी आणखी आत जावे लागते.)

एक गोष्ट सांगायची राहिली. पृथ्वीला आज कडे नाही, हे अगदी तंतोतंत खरे नाही.

विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५ हजार ७८६ किलोमीटरवर, एक विरळ कडे आहे. ते आपण बांधलेले आहे. तिथला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून एका जागी टांगल्यासारखा राहतो. १९८१ मध्ये आपला ‘ॲपल’ तिथे गेला, मग इन्सॅट गेले. कर्नाळ्याच्या दक्षिणेला जवळजवळ सात मुठी वर गेले की ही रेषा लागते. आपल्या चाळींच्या, बंगल्यांच्या गच्च्यांवरची प्रत्येक डिश याच कड्याकडे तोंड करून बसलेली आहे. वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या तोंडाला, दुपारी सूर्य बरोबर या उपग्रहांच्या मागे येतो आणि काही मिनिटे टीव्हीचे चित्र बिघडते. उपग्रहावरून चालणाऱ्या शेअर बाजारालाही पूर्वी या दिवसांत दुपारी मधेच विश्रांती घ्यावी लागे. कड्यामागे सूर्य जाण्याचा एवढाच नमुना आपल्या नशिबी आहे, आणि तोही सूर्य झाकला जाण्याचा नव्हे.

याच्या खूप खाली, काहीशे ते दोनेक हजार किलोमीटरच्या थरात, दुसरा पसारा वाढतो आहे. तो कडे नव्हे. सर्व बाजूंनी भिरभिरणारा थवा. २०२५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या हिशेबात पृथ्वीभोवती जवळपास ४० हजार वस्तूंचा माग ठेवला जात होता, आणि त्यांत चालू उपग्रह होते ११ हजारांच्या आसपास. उरलेले म्हणजे जळालेल्या अग्निबाणांचे तुकडे, मेलेले उपग्रह, टकरींचा चुरा. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. शनीभोवती हेच काम निसर्गाने केले: तुकडे एकमेकांवर आदळले, त्यांचे आणखी तुकडे झाले. फरक असा, की तिथे कुणाचे टपाल किंवा हवामानाचा अंदाज त्या वाटेने जात नव्हता.

यातले काही खालीही येते. २ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणारी एक लांबलचक माळ पाहिली. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ मोकळ्या जागेत काहीतरी धडकन पडले. लोक धावत गेले. पाहतात तर धातूचे, आठ-दहा फूट व्यासाचे, गरम कडे! हो, कडेच, गाडीच्या चाकाच्या धावेसारखे गोल. आसपास धातूचे गोळेही सापडले. वर्षभरापूर्वी सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा जाणकारांचा अंदाज होता. इस्रोची माणसे येऊन पाहून गेली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. कुणाला इजा झाली नाही. कडे उचलून सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा करण्यात आले.